दोन वर्षं कुणाची?

(आसगाव, ता. पवनी, जि. भंडारा येथे सावित्रीबाई फुले यांच्या जयंतीच्या दिवशी, ३ जानेवारीला, महिला व मुलींच्या सभेत केलेले भाषण. बोलण्यातली वळणं शक्यतो तशीच ठेवली आहेत.)

आसगावच्या मावश्यांनो, काकूंनो, वहिन्यांनो, आणि पुढच्या सतरंजीवर बसलेल्या माझ्या मैत्रिणींनो,

मला या सभेचं बोलावणं आलं तेव्हा विषय दिला होता ‘मुलींचं उच्च शिक्षण’. या विषयावर भाषणं ऐकून ऐकून तुमचे कान किटले असतील. आज सावित्रीबाईंची जयंती आहे, म्हणून तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक शाळेत आज हेच भाषण चालू असेल. तुमच्या परवानगीनं मी विषय लहान करून घेतला आहे. इतका लहान, की तो तुम्हाला विचित्र वाटेल. बी.एस्सी. झालेल्या मुलीनं भौतिकशास्त्रात, म्हणजे आपण ज्याला फिजिक्स म्हणतो त्यात, एम.एस्सी. करायची की नाही, एवढ्यावरच मी बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, आमच्या गावात अशा मुली असून असून किती? मोजक्याच. पण त्यातल्या एका घरात मागच्या पावसाळ्यात काय बोलणं झालं ते मी ऐकलं. मी गेले होते बचत गटाच्या कामासाठी. मुलगी बी.एस्सी. झालेली, चांगले मार्क. ती आईला म्हणत होती, मला एम.एस्सी.ला नागपूरला जाऊ दे, फिजिक्स घेते. आई परे काढून आलेली, पाय चिखलानं भरलेले. ती माझ्याकडं वळून म्हणाली, ‘‘बाई, हे पोरगी म्हणते अजून दोन वर्ष शिकतो. इथं रोवणीले माणूस भेटत नाही. दोन वर्ष शिकून का चंद्रावर जाणार आहे?’’ आम्ही सगळ्या हसलो. मुलगीसुद्धा हसली, आणि आत निघून गेली. तिचं नाव मी सांगत नाही, ती इथंच बसली आहे. आईही बसली आहे. दोघींना विचारूनच बोलते आहे.

आई चुकीचं बोलली असं मला वाटलं नाही. एम.एस्सी.च्या प्रवेशाचे दिवस बघा. निकाल लागतात जून-जुलैत, अर्ज, याद्या, फी भरणं हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये. म्हणजे नेमकं रोवणीत. घरातला प्रत्येक हात बांधीत हवा असतो आणि घरातला प्रत्येक पैसा खतात, मजुरीत गेलेला असतो. धान विकून पैसा येतो दिवाळीनंतर. ज्यांनी हे वेळापत्रक आखलं त्यांच्या डोळ्यांपुढं महिन्याला पगार येणारं घर होतं, धानाचं घर नव्हतं. हे काही मुलींच्या विरुद्धचं कारस्थान नाही. पण अडचणीच्या महिन्यात घरात एक खर्च कापायचा झाला की मुलाची फी कापली जात नाही, मुलीची कापली जाते. ती का, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आता माझी एक चूक सांगते. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावातली अशीच मुलगी माझ्याकडं आली होती. तीही बी.एस्सी., तिलाही फिजिक्स आवडायचं. मी तिला म्हटलं, एम.एस्सी. करून काय होणार, बी.एड. कर, शिक्षिकेची नोकरी म्हणजे बाईला बरी, सुट्ट्या असतात, घरही सांभाळता येतं. पुढं ती पवनीच्या बसस्टँडवर भेटली. बी.एड. झालं होतं, नोकरी नव्हती, घरी शिकवण्या घेत होती. तक्रार काही केली नाही तिनं. फक्त म्हणाली, ‘‘मॅडम, मला काय आवडते ते तुम्ही विचारलंच नाही.’’

आम्हाला एम.एस.डब्ल्यू.ला पहिल्या सहामाहीतच शिकवतात, की समोरच्या माणसाचा निर्णय त्या माणसानंच घ्यायचा असतो, आपण फक्त सोबत करायची. परीक्षेत मी त्यावर चांगलं उत्तर लिहिलं होतं. प्रत्यक्षात मात्र ‘बाईला बरी’ हे शब्द माझ्या तोंडून निघाले, आणि ते कुठल्याही मामाजींच्या तोंडचे शब्द होते. शिवाय हिशेबही चुकला. बी.एड. पूर्वी एका वर्षाचं होतं. २०१५ पासून ते दोन वर्षांचं झालं. म्हणजे बी.एड.लाही दोनच वर्षं, एम.एस्सी.लाही दोनच. तरी एका अभ्यासाला आपण ‘नोकरीचा रस्ता’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘आणखी किती शिकणार’ म्हणतो. बी.एड. वाईट असं मी म्हणत नाही, चांगल्या शिक्षिका हव्यातच. प्रश्न इतकाच आहे की मुलीच्या आयुष्यातली ती दोन वर्षं कुणाची, आणि ती कशात घालायची हे कोण ठरवणार.

हा प्रश्न आसगावपुरता नाही आणि आजचाही नाही. यासाठी मी तुम्हाला तीन बायकांची हकिगत सांगणार आहे.

पहिली कमला भागवत. लग्नानंतर कमला सोहोनी. दुर्गा भागवतांचं नाव तुमच्यातल्या काहींनी पुस्तकात वाचलं असेल, त्यांची ही बहीण. कमलाबाई मुंबई विद्यापीठातून १९३३ साली रसायन आणि भौतिक हे विषय घेऊन बी.एस्सी. झाल्या, पहिल्या आल्या. वडील आणि काका बंगलोरच्या टाटा संस्थेत, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकलेले. कमलाबाईंनी तिथंच अर्ज केला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन, भौतिकशास्त्रातलं नोबेल मिळालेले. त्यांनी अर्ज नाकारला. मार्क कमी नव्हते, जागा नव्हती असंही नाही. मुलगी होती म्हणून नाकारला. वडील आणि काका भेटले, उपयोग झाला नाही. मग कमलाबाई स्वतः बंगलोरला गेल्या आणि कारण द्या म्हणून अडून बसल्या. गांधींचे दिवस होते, सत्याग्रह हा शब्द घराघरात होता. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम पसंत पडलं तर पुढं बघू. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंतही काम करावं लागेल. आणि पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये.

ही शेवटची अट ऐकून मला आपल्या गावातली घरं आठवतात. मुलगी कॉलेजला जाते तर खाली मान घालून जा, कुणाकडं बघू नको. मुलाला मात्र असं कुणी सांगत नाही. नोबेल मिळालेल्या माणसाच्या डोक्यातही तीच गोष्ट बसली होती.

कमलाबाईंनी ते वर्ष काढलं. दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम केलं, १९३६ साली एम.एस्सी. झाल्या. त्यांचं काम पाहून रामन यांचं मत बदललं आणि पुढं तिथं मुलींना प्रवेश मिळू लागला, ही त्यातली चांगली बाजू. १९३९ साली कमलाबाईंना केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळाली. विज्ञानातली पीएच.डी. मिळवणारी पहिली भारतीय बाई म्हणून त्यांचं नाव घेतात. पण तो अपमान त्या विसरल्या नाहीत, म्हातारपणीही त्यांनी तो बोलून दाखवला. त्यांचा विषय नंतर जीवरसायनाचा झाला, फिजिक्सचा राहिला नाही. तरी मी त्यांच्यापासून सुरुवात करते, कारण त्या अडल्या तो नेमका हाच उंबरठा होता. बी.एस्सी.पर्यंत कुणाची हरकत नव्हती. हरकत सुरू झाली ती पुढच्या पायरीवर.

दुसरी अण्णा मणी. नाव पुरुषाचं वाटतं, पण या बाई. केरळच्या, वेलदोड्याच्या मळेवाल्या घरातल्या. त्यांच्या घरी आठव्या वाढदिवसाला मुलींना हिऱ्याच्या कुड्या देण्याची रीत होती. या मुलीनं कुड्या नकोत म्हटलं, ज्ञानकोश मागितला, आणि घरच्यांनी दिला. पुढं त्या रामन यांच्याच प्रयोगशाळेत गेल्या, १९४० साली, आणि काम मिळालं ते हिऱ्यांवर आणि माणकांवर! हिऱ्यावर प्रकाश टाकला की तो कसा चमकतो, कोणते रंग गिळतो, याचा अभ्यास. एकेका फोटोची पट्टी पंधरा-पंधरा, वीस-वीस तास उघडी ठेवावी लागे. रात्रीच्या रात्री त्या तिथं बसत. १९४२ ते १९४५ या काळात पाच शोधनिबंध छापले. १९४५ साली पीएच.डी.चा प्रबंध मद्रास विद्यापीठाला दिला.

विद्यापीठानं पदवी नाकारली. कारण काय? त्यांच्याकडं एम.एस्सी. नव्हती. बी.एस्सी. ऑनर्सवरून शिष्यवृत्ती मिळवून त्या थेट संशोधनाला गेल्या होत्या. प्रबंध तयार, निबंध छापलेले, काम सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. तरी कागद नाही म्हणून पदवी नाही. तो प्रबंध बंगलोरला रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात राहिला आणि अण्णा मणी आयुष्यभर ‘डॉक्टर’ झाल्या नाहीत.

त्या रडत बसल्या नाहीत. त्याच वर्षी इंग्लंडला गेल्या, हवामानाची उपकरणं कशी बनवतात ते शिकल्या, आणि १९४८ साली पुण्याला हवामान खात्यात रुजू झाल्या. पुण्यात शिवाजीनगरला ज्याला सिमला ऑफिस म्हणतात, ते हे खातं. त्या वेळी पाऊस, ऊन, वारा मोजायची बरीचशी यंत्रं परदेशातून यायची. त्यांनी सुमारे शंभर उपकरणांची रेखाटनं पक्की करून दिली आणि ती आपल्याकडं बनू लागली. आपल्याकडं ‘या नक्षत्रात इतके मिलिमीटर पाऊस झाला’ असं पेपरात येतं, धानाच्या विम्याचं भांडण त्या मिलिमीटरवर होतं. त्या मापामागं जी मेहनत आहे त्यात या बाईंचा वाटा आहे. १९७६ साली खात्याच्या उपमहासंचालक म्हणून त्या निवृत्त झाल्या, २००१ साली वारल्या.

मला कुणी म्हणतं, एम.एस्सी. म्हणजे नुसता कागद. तेव्हा मी अण्णा मणींची गोष्ट सांगते. कागदच आहे. शेताचा सातबारा हासुद्धा कागदच असतो, आणि तो बाईच्या नावावर नसला की काय होतं ते इथं बसलेल्या विधवा बहिणींना विचारा.

तिसरी आपल्या पुण्याची, रोहिणी गोडबोले. जन्म १९५२चा. हुजूरपागेत शिकल्या, मुलींची ती शाळा १८८४ साली सुरू झालेली. पण त्या शाळेतही तेव्हा सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र असे, आणि स्कॉलरशिपच्या परीक्षेसाठी आपल्याला विज्ञान वेगळं शिकावं लागलं, असं रोहिणीताईंनी स्वतःच सांगितलं आहे. एवढी जुनी, नावाजलेली मुलींची शाळा, आणि तिथंही मुलींना आधी स्वयंपाकाचं शास्त्र! पुढं त्या पुण्याच्या एस. पी. कॉलेजातून बी.एस्सी. झाल्या आणि मुंबईच्या आय.आय.टी.त फिजिक्सच्या एम.एस्सी.ला गेल्या. १९७४ साली पहिल्या येऊन रौप्यपदक मिळवलं. नंतर अमेरिकेत पीएच.डी., परत आल्यावर मुंबई विद्यापीठात बरीच वर्षं शिकवणं, आणि १९९५ साली त्या प्राध्यापक म्हणून गेल्या कुठं? बंगलोरच्या त्याच संस्थेत, जिथं कमला भागवत प्रवेशासाठी अडून बसल्या होत्या. अणूच्याही आतले जे कण असतात त्यांच्यावर त्यांचं काम होतं, जगभर नाव होतं. २०१९ साली पद्मश्री मिळाली. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये पुण्यात त्या गेल्या.

रोहिणीताईंचं आणखी एक काम मला जास्त जवळचं वाटतं. २००८ साली त्यांनी राम रामस्वामी यांच्याबरोबर जवळजवळ शंभर भारतीय स्त्री-वैज्ञानिकांच्या हकिगतींचं पुस्तक संपादित केलं, ‘लीलावतीज डॉटर्स’, लीलावतीच्या लेकी. शाळेच्या ग्रंथालयात ठेवावं असं आहे.

आता आजचं बोलू. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण देशभरात एम.एस्सी.च्या वर्गांत आज मुली मुलांपेक्षा जास्त आहेत. मग रड कशाची? रड अशी, की संशोधनाच्या नोकऱ्यांमध्ये जाऊन मोजलं तर पाच जणांत एक बाई भरताना मारामार. मधल्या मध्ये या मुली जातात कुठं? मी शहरातल्या अनेक घरांत पाहिलं आहे, की एम.एस्सी. म्हणजे स्थळ येईपर्यंत मुलीला बसवायची जागा. कॉलेज घराजवळ आहे, रिकामी बसण्यापेक्षा जाऊ दे. मग दुसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टच्या वेळी साखरपुडा, परीक्षेआधी लग्न, आणि गुणपत्रिका सासरी ट्रंकेत. अशा घरात मुलीला दोन वर्षं मिळतात, पण तीही तिची नसतात. इथं आसगावसारख्या गावात निदान तेवढी फसवणूक नाही. इथं कॉलेज जवळ नाही, बाहेर ठेवायला पैसे लागतात, म्हणून आपण सरळ नाही म्हणतो.

पैशांचं पुढं बघूच. आधी हे शिकतात तरी काय, ते सांगते. मलाही माहीत नव्हतं, मी त्या मुलीला विचारलं. ती म्हणाली, चार-पाच मोठे विषय असतात. वस्तू चालतात कशा, वीज आणि प्रकाश वागतात कसे, उष्णता म्हणजे काय, अणूच्या आत काय चालतं, आणि हे सगळं मांडायचं गणित. आठवड्यातले कितीतरी तास प्रयोगशाळेत जातात. ज्यांना आकाशाचा, ताऱ्यांचा अभ्यास करायचा असतो त्यांनाही बहुतेक करून याच वाटेनं जावं लागतं. आधी फिजिक्सची एम.एस्सी., मग पुढं पुण्याला आयुका आहे, जुन्नर तालुक्यात खोडदला तीस मोठाल्या तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, तिथलं काम. आजी मध्येच म्हणाली, ‘‘आकाशातलं शिकून का पंचांग सांगत फिरशील?’’ मुलगी म्हणाली, ‘‘आजी, पंचांगवाल्याले विचार, मृग लागते तेव्हा मृग दिसते का?’’

आजी गप्प झाली, मीही गप्प झाले, कारण मला उत्तर येत नव्हतं. मग तिनंच समजावलं. जूनच्या सात तारखेच्या सुमाराला मृग लागतो म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात जातो. सूर्यच तिथं असल्यावर त्या चांदण्या दिवसा आकाशात असतात, रात्री दिसायच्या कशा? मृग बघायचा तर आत्ता, थंडीत. ज्या नक्षत्राच्या नावानं आपल्या बाया पेरणीचा हिशेब करतात, ते पेरणीच्या वेळी आकाशात दिसतच नाही. मी इतकी वर्षं खेड्यांत फिरते आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि मे महिन्याच्या अखेरीकडं एका दुपारी बारा वाजून काही मिनिटांनी तिनं अंगणात मुसळ उभं केलं होतं. त्याची सावली नाहीशी झाली. सूर्य बरोबर डोक्यावर आला होता. दिल्लीला हे कधीच घडत नाही, आसगावला वर्षातून दोनदा घडतं, दुसऱ्यांदा जुलैत, पण तेव्हा ढग असतात. भाऊ म्हणाला, वेडी झाली. तिनं वहीत तारीख आणि वेळ लिहून ठेवली. मावश्यांनो, ही वही मी पाहिली आहे. ज्या मुलीला कुणी सांगितलेलं नसताना अशी वही ठेवावीशी वाटते, तिच्या बाबतीत आपण ‘शिकून काय करणार’ विचारण्याआधी थोडं थांबायला हवं.

गोंड बायांना तर आकाश आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. आपण ज्याला सप्तर्षी म्हणतो त्यात त्यांना खाट दिसते, आणि मागचे तीन तारे म्हणजे खाट चोरायला आलेले चोर. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले मयंक वाहिया आणि त्यांच्याबरोबर गणेश हलकारे यांनी विदर्भातल्या गोंड गावांमध्ये फिरून हे टिपून घेतलं आणि २०१३ साली त्यावर निबंध छापला. हे गावातल्या म्हाताऱ्यांनीच त्यांना सांगितलं. आपल्या पोरीबाळींनी सांगावं आणि दुसऱ्यांनीच लिहावं, असं किती दिवस?

आता पैसा आणि नोकरी. इथं मी गोड बोलणार नाही.

एम.एस्सी. झाली की लगेच नोकरी, असं नाही. कॉलेजात शिकवायचं तर सेट किंवा नेट ही परीक्षा पास व्हावी लागते. ती होऊनही आज कितीतरी मुलं-मुली तासिका तत्त्वावर, म्हणजे जितके तास तितके पैसे, अशी वर्षानुवर्षं काढतात. दुसरीकडं, नेटमध्ये वरचा क्रमांक आला आणि संशोधनाला प्रवेश मिळाला तर शिष्यवृत्ती मिळते. २०२३पासून ती महिन्याला ३७ हजार रुपये आहे. भाभा अणुसंशोधन केंद्र फिजिक्सच्या एम.एस्सी.वाल्यांना प्रशिक्षणाला घेतं. आय.आय.टी.सारख्या ठिकाणी एम.एस्सी.ला जायचं तर ‘जॅम’ नावाची परीक्षा असते. ती फेब्रुवारीत होते, पण तिचा अर्ज आधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये भरावा लागतो. आपल्या मुलींना ती परीक्षा आहे हे कळतं निकालानंतर. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलेल्यांनी हे लिहून घ्या.

राहण्याचं. सामाजिक न्याय विभागाची मुलींची वसतिगृहं नागपूरला आहेत. तिथं जागा मिळाली नाही तर अनुसूचित जातीच्या मुलींसाठी स्वाधार योजना आहे, आदिवासी मुलींसाठी स्वयम् योजना आहे, आणि ओबीसी, भटक्या-विमुक्त, विशेष मागास घरांतल्या मुलींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. आज जिची जयंती तिच्याच नावाची. खोलीभाडं, जेवण यांसाठी पैसे बँकेत येतात, पण उशिरा येतात, हेही लक्षात ठेवा. पहिले काही महिने आपल्याला काढावे लागतात. २०२४ साली सरकारनं मुलींना मोफत उच्च शिक्षण जाहीर केलं तेव्हा बऱ्याच घरांना वाटलं, आता काही भरायचंच नाही. तो निर्णय व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी, केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून जाणाऱ्या मुलींसाठी होता. इंजिनिअरिंग, फार्मसी वगैरे. साध्या एम.एस्सी.वाल्या मुलीचा त्यात विचार झाला नाही, याचा मला राग आहे. एस.टी.त बाईला २०२३च्या मार्चपासून अर्धं तिकीट झालं, ते मात्र खरोखर उपयोगाचं. मुलीला भेटायला नागपूरला जायचं तर आईचं अर्ध्यात काम होतं.

आणि दाखले. उत्पन्नाचा, जातीचा, नॉन-क्रीमीलेयरचा. एका मुलीचा दाखला एका कार्यालयात, कुठल्या ते सांगत नाही, इतका अडकला की प्रवेशाची यादी लागून संपली. म्हणून सांगते, दाखल्यांसाठी रोवणीची वाट बघू नका. आत्ता, या जानेवारीत, धान घरात आलं आहे, जरा हात मोकळा आहे, तेव्हाच कागद करून ठेवा.

मघाशी ज्या आईबद्दल बोलले तिनं काय केलं ते सांगते. त्या दिवशी तिनं नाहीच म्हटलं. त्या वर्षी प्रवेश झाला नाही. मुलगी रोवणीला गेली, नंतर एका दुकानात हिशेब लिहायला लागली. दिवाळीत आई मला म्हणाली, ‘‘बाई, मले तिच्या हासण्याचं वाईट वाटलं.’’ ती हसून आत गेली होती ना, ते आईच्या मनात राहिलं होतं. मग आम्ही तिघींनी बसून कागदावर हिशेब केला. लाडक्या बहिणीचे दीड हजार रुपये आईच्या खात्यात येत होते. ते तिनं खर्च न करता साठवले होते, घरात कुणाला न सांगता. चोवीस महिन्यांचे छत्तीस हजार होतात, पण ते तेवढे महिने येतील याचा भरवसा कुणी धरावा? या योजनेबद्दल माझी मतं वेगळी आहेत आणि ती मी दुसऱ्या सभेत सांगेन. पण त्या घरात पहिल्यांदाच पैसे आईच्या नावावर होते आणि म्हणून पहिल्यांदाच आई हिशेबाला बसली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

वडिलांची हरकत पैशांची नव्हती. ते म्हणाले, ‘‘एम.एस्सी. झालेल्या पोरीले पोरगा कुठून आणू? तो बारावी निघाला तर?’’ यावर मी त्यांना लेक्चर दिलं नाही. मी विचारलं, काकाजी, तुमच्या बहिणी किती शिकल्या? म्हणाले, चौथी. त्यांना चांगलं स्थळ मिळालं का? ते बराच वेळ बोलले नाहीत. त्यांची धाकटी बहीण हुंड्याच्या पायी परत आलेली आहे, आणि ती याच घरात राहते. मीही मग जास्त बोलले नाही. अजून त्यांनी हो म्हटलेलं नाही. ‘‘पाहू’’ म्हणाले आहेत. आपल्याकडं ‘पाहू’चा अर्थ दोन्हीकडं लागतो, हे तुम्हीच जाणता.

म्हणून तुम्हा बायांकडं मागणं आहे. पुढच्या जुलैत हे घर रोवणीच्या वेळी दोन हात कमी पडले म्हणून अडू नये. बचत गटातल्या आठ जणींनी त्या घरची एक बांधी एका दिवसात रोवून द्यायची, पूर्वी इर्जिक करायचे तसं. मघाशी चहाच्या वेळी पाच जणींनी नावं दिली आहेत. तीन राहिल्या. शिवाय वसतिगृहाचे पैसे येईपर्यंतचे पहिले चार महिने, गटानं बिनव्याजी द्यायचे की व्याजानं, हे गटानं ठरवावं. मी त्यात पडत नाही.

रात्री जेवणं झाल्यावर, आठच्या सुमाराला, शाळेच्या मागच्या रिकाम्या बांधीत या. धसकटं आहेत, चपला घालून या, आणि मोबाइलचे दिवे बंद ठेवा. पूर्वेला मृग वर आलेला असेल, त्याच्या वर रोहिणी, आणि आणखी वर, जवळजवळ डोक्यावर, कृत्तिकांचा पुंजका. ती आपल्याला दाखवणार आहे. तिच्या वडिलांनाही मी बोलावलं आहे.